पाय कुठे पडणार ते पहिल्या आठवड्यात ठरवा: कोल्हापूरच्या हौशी दिग्दर्शकांना खुले पत्र

कोल्हापुरातल्या हौशी नाट्यसंस्थांच्या दिग्दर्शक मित्रमैत्रिणींना,
स. न. वि. वि.

गणपती उठले की आपल्याकडे संहिता शोधायची घाई सुरू होते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी डोक्यावर येते आणि मग सगळं धावपळीत. नेपथ्य कोण करणार, लाइट कोण देणार, कुणाची परीक्षा आहे, कुणाला रजा मिळत नाही, हेच दिवसरात्र चाललेलं असतं. त्यात एका गोष्टीचा विचार दरवर्षी सगळ्यात शेवटी होतो, आणि पडदा उघडल्यावर प्रेक्षकाला दिसते ती आधी तीच. माणसं कुठे उभी आहेत, कुठून कुठे जातात आणि का जातात.

मी नाटकांच्या मूव्हमेंट बसवते. बोलावणं मात्र ‘नाच बसवणाऱ्या मॅडम’ म्हणूनच येतं. फोन ठरलेला असतो: “मॅडम, दोन गाणी आहेत आणि एक मारामारी. शनिवारी येऊन तेवढं बसवून जावा की.” प्रयोग मंगळवारी! शनिवारी जाऊन बघावं तर बाकीचं नाटक आधीच घट्ट बसलेलं, म्हणजे चुकीच्या जागी घट्ट बसलेलं. मग माझी दोन गाणी त्यात ठिगळासारखी दिसतात. गाणं सुरू झालं की नटांच्या अंगात वारं शिरतं, आणि गाणं संपलं की सगळे परत लाइटच्या खांबासारखे उभे. परीक्षक लिहितात, ‘समूहनृत्ये चांगली’. संस्था खूश होते. मला ते वाक्य वाचून वाईट वाटतं, कारण त्याचा अर्थ नाच वेगळा दिसला आणि नाटक वेगळं दिसलं, एवढाच होतो.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. मूव्हमेंट हा नाटकातला आयटम नाही, ती संवादाइतकीच संहिता आहे, म्हणून तिची तालीम वाचनानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली पाहिजे. आता यातलं काय काय तुम्हाला लगेच करता येईल ते लिहिते. क्रम लावलेला नाही.

एक प्रसंग घ्या. दोन भाऊ. थोरला खुर्चीत बसून पेपर वाचतोय, धाकटा दारात उभा आहे. धाकट्याला सांगायचंय, “दादा, मळ्याचा सौदा झाला. इसार घेतलाय मी.” एवढंच वाक्य, पण ते तीन तऱ्हांनी बसतं. पहिली तऱ्हा: धाकटा आधी चालत खुर्चीपाशी येतो, थांबतो, मग बोलतो. त्याच्या चालण्यानं प्रेक्षक सावध झालेला असतो, त्यामुळे सगळा जोर वाक्यावर पडतो. दुसरी: तो दारातूनच वाक्य टाकतो आणि मग कोपऱ्यातल्या माठाकडे जाऊन पाणी पितो. आता जोर चालण्यावर गेला. सांगून मोकळा झाला आणि दादाकडे पाठ करून पाणी पितोय, म्हणजे घाबरलाय की निर्ढावलाय, हे प्रेक्षक त्या चार पावलांत वाचतो. तिसरी तऱ्हा चालता चालता बोलण्याची. यात वाक्यही पुसट होतं आणि चालणंही. ‘चहा टाकू का?’, ‘लाइट गेली वाटतं’ असल्या बोलण्याला ती चालते, चाललीच पाहिजे. पण इसाराचं वाक्य असं वाहून गेलं तर दुसऱ्या अंकात हे दोघे एवढे कशावरून भांडतायत ते मागच्या रांगांना कळत नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तिसरी तऱ्हा दिसते, कारण ती कुणी बसवलेलीच नसते. नटाला एका जागी अवघडल्यासारखं झालं की तो चालू लागतो, आणि दिग्दर्शक म्हणतो, “छान, मूव्हमेंट आली.”

आणि थोरल्याचं काय? त्याच्या हातातला पेपर हीसुद्धा मूव्हमेंटच आहे. वाक्याच्या आधीच पेपर खाली आला, तर दादाला संशय होता. वाक्यानंतर आला, तर धक्का बसला. आलाच नाही, दादानं शांतपणे पुढचं पान उलटलं, तर हा माणूस भयंकर आहे आणि धाकट्याची आता खैर नाही. तीनही वेळा लेखकाचा एक शब्दही बदललेला नाही. यातला कुठला दादा तुमच्या नाटकात आहे, हे रंगीत तालमीच्या रात्री ठरवून कसं चालेल? त्यावर तर पुढचे सगळे प्रवेश उभे आहेत.

मग येतो सोफा. घरगुती नाटक असलं की मंचाच्या ऐन मध्यावर, प्रेक्षकांकडे तोंड करून सोफा, आणि त्याच्यापुढे टीपॉय. एकदा तो तिथे बसला की नाटकभर तोच दिग्दर्शन करतो. डावीकडून येऊन बसा, उजवीकडून उठून जा, फार तर सोफ्यामागे उभं राहून पाठीवर हात टेका. टीपॉयमुळे मंचाचा पुढचा पट्टा, जिथे नट प्रेक्षकाच्या सगळ्यात जवळ येतो, तो वाया गेलेला. सोफा मध्यावरून एका अंगाला सरकवा, थोडा तिरका करा, आणि त्याच्या मागून माणूस अंग न चोरता जाईल अशी निदान तीन फूट वाट ठेवा. तिरक्या सोफ्यावर बसलेली दोन माणसं एकमेकांकडे बघू शकतात आणि तरी दोघांचे चेहरे दिसतात. नेपथ्यकार भांडेल, तर भांडू दे. पण हे भांडण वाचनाच्या आठवड्यात होऊ दे, सेट रंगवून झाल्यावर नको.

मंचावरच्या वाटा सारख्या वजनाच्या नसतात, हेही नीट बघा. ३० फूट रुंद आणि २० फूट खोल मंच धरला, तर मागच्या एका कोपऱ्यातून पुढच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंतची तिरकी वाट ३६ फुटांची होते. याहून लांब सरळ वाट तुमच्याकडे नाही. आडवा चालणारा नट नुसता एका बाजूनं दिसतो. सरळ पुढे येणारा मोठा होत जातो, पण त्यानं किती अंतर तोडलं ते कळत नाही. तिरक्या वाटेवर दोन्ही मिळतं. माहेर कायमचं सोडून निघालेली बाई, सात वर्षांनी तुरुंगातून घरी आलेला माणूस, अशांसाठी ही वाट राखून ठेवा. पोस्टमनला ती देऊ नका. पोस्टमन दारात आला, पत्र दिलं, गेला.

आता मापांचं बोलते, कारण कोल्हापुरात सध्या हाच मोठा घोळ आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते नाट्यगृह. त्याच्याबद्दल हळवं बोलायला पुष्कळ जण आहेत, मी फक्त पायांचं सांगते. विंगेतून किती पावलांत मध्य येतो, पडद्याची रेघ कुठे, कुठल्या जागी उभं राहिलं की कडेच्या खुर्च्यांना आपण दिसत नाही, हे आपल्या शहरातल्या कित्येक नटांच्या अंगात बसलं होतं. ते अंगातलं माप एका रात्रीत निकामी झालं. त्यानंतर जिथे जागा मिळेल तिथे प्रयोग करायची वेळ आली. शाहू स्मारक भवनाचा मंच वेगळा, एखाद्या कॉलेजच्या सभागृहाचा वेगळा, स्पर्धेला बाहेरगावी गेलात तर तिथला आणखी वेगळा. आणि तालीम शाळेच्या वर्गात, बाक भिंतीला लावून.

वर्गात चार पावलांत होणारी एन्ट्री मंचावर सात पावलांची होते. संवाद चौथ्या पावलाला संपतो. उरलेली तीन पावलं नट मुकाट्यानं, हातांचं काय करावं ते न सुचून, चालत राहतो. प्रेक्षकाला वाटतं हा संवाद विसरला. विसरला नाही हो तो, त्याला वर्ग वीस फुटांचा मिळाला होता.

उपाय खर्चिक नाही. नाट्यगृह ठरलं की त्याच दिवशी जाऊन मंच मोजून घ्या: रुंदी, खोली, विंगा किती आणि त्यांच्यात अंतर किती, मागून जायला वाट आहे का. मग तालमीच्या खोलीत अख्खा मंच कोंबून लहान करू नका. अर्धाच मंच आखा, पण खऱ्या मापाचा आखा. डावीकडचे प्रवेश एका दिवशी, उजवीकडचे दुसऱ्या दिवशी. आठवड्यातून एकदा शाळेच्या मैदानावर जा, फक्की मारून पूर्ण मंच काढा, दारं आणि पायऱ्याही काढा, आणि सलग एक अंक चालवा. नुसता चालवा, अभिनय नको. संवाद पुटपुटले तरी चालतील. पोरं हसतील, शेजारचे क्रिकेटवाले बघत बसतील. बसू देत. त्या एका तासात जेवढे अडथळे सापडतील तेवढे वर्गातल्या आठवडाभराच्या तालमीत सापडत नाहीत. लेव्हल, म्हणजे मंचावरचे उंचवटे, वापरणार असाल तर ज्या दिवशी प्लॅटफॉर्म तयार होतील त्या दिवसापासून त्यांच्यावरच तालीम हवी, आणि अंधारात चढायच्या कडांना रेडियम लावा. अंधारात नट पडला की प्रेक्षक नाटकातून उठून त्या पडलेल्या नटाजवळ जातो, पुढची दहा मिनिटं परत येत नाही.

हलण्याबद्दल एवढं लिहिलं, आता न हलण्याबद्दल. माणसाचा डोळा हलत्या गोष्टीकडे जातो, त्याला इलाज नाही. पुढे आई काळीज पिळवटून बोलतेय आणि मागे सहकलाकार अत्यंत प्रामाणिकपणे शालीची घडी घालतोय, तर प्रेक्षक शाल बघतो. घडी चांगली घातली तर जास्तच बघतो. म्हणून प्रत्येक प्रवेशात विचारा: या क्षणी मला प्रेक्षकाचा डोळा कुणावर हवा? तो हलेल किंवा बाकीचे हलतील आणि तो एकटा थांबेल. लग्नघर आहे, सगळ्यांची लगबग चाललीय आणि नवरी पाटावर हललेली नाही, एवढ्यावर तिच्या मनातलं सगळं सांगून होतं. तिला स्वगत देऊ नका.

समूहाकडे येते. १९७२ साली पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं ‘घाशीराम कोतवाल’ केलं. तेंडुलकरांची संहिता, डॉ. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, आणि कृष्णदेव मुळगुंद यांचं नृत्यदिग्दर्शन. आपल्याकडे बोलताना यातलं शेवटचं नाव बहुतेक गळतं. त्या नाटकातली डुलणारी ब्राह्मणांची रांग कधी भिंत होते, कधी पडदा होते, कधी गर्दी. तेव्हापासून मराठी हौशी रंगभूमीवर रांग करण्याची जी साथ आली ती अजून गेलेली नाही. कुठलंही नाटक असो, आठ पोरं काळे कपडे घालून ओळीत उभी आणि डुलतायत. अहो, तिथे रांग होती कारण तिला काहीतरी लपवायचं होतं. पुढे भजन, मागे पाप, हेच त्या नाटकाचं म्हणणं होतं आणि ते रांगेनं पाठ फिरवून सांगितलं. तुमच्या नाटकातली रांग काय लपवतेय? उत्तर नसेल तर रांग मोडा.

मोडली की काय करायचं? समजा दहा माणसांचा जमाव आहे आणि पाटलाचा मुलगा नदीत बुडाल्याची बातमी येते. हौशी नाटकात दहाही जण एकदम ‘अरे देवा!’ म्हणून एक पाऊल मागे सरकतात. खऱ्या जमावात बातमी एकाला आधी कळते. तो थांबतो. त्याच्या शेजारची बाई त्याचं तोंड बघून थांबते. लांबचा एक जण अजून विडी शिलगावतोय, त्याला सगळ्यात शेवटी कळतं, आणि प्रेक्षक त्याच्याकडेच बघत असतो, कारण काडी पेटलेली त्याच्या हातात आहे. दहा जणांचे तीन घोळके करा, प्रत्येकाला स्वतःचं एक काम द्या, मग बातमी कुणाकडून कुणाकडे जाते तो रस्ता आखा. एका संध्याकाळचं काम आहे.

एकत्र हलायचंच असेल तर मात्र अगदी एकत्र हला. अर्धवट एकत्र हे सगळ्यात वाईट दिसतं. त्यासाठी तोंडात ‘एक-दोन-तीन-चार’ घोळवत बसू नका, प्रेक्षकाला ओठ दिसतात. पुढच्या माणसाचा श्वास धरा. तो श्वास घेतो तेव्हा त्याचे खांदे वर येतात, मागच्यांना ते दिसतात आणि श्वास सोडताना सगळ्यांचं पाऊल पडतं. हे पहिल्या दिवशी हास्यास्पद होतं. रोज तालमीआधी पाच मिनिटं केलं की दोन आठवड्यांत येतं. शनिवारी फोन करून मंगळवारी येत नाही, एवढंच सांगायचं होतं.

मंच छोटा आणि गोष्ट मोठी ही अडचण आपल्याला आजची वाटते, पण तिच्यावरचा तोडगा फार जुना आहे. वगात सरदार-शिपाई मंचाला एक फेरी मारतात आणि गाव बदलतं. गावोगावच्या प्रेक्षकाला ते कधी समजावून सांगावं लागलं नाही. नाट्यशास्त्रात याचा सगळा विचार कक्ष्याविभागात आहे, एकाच मंचावर घर, वाट, रान, नगर कसं मानायचं तो. त्याच ग्रंथात पात्रांच्या चाली दिल्यात. उत्तम पात्राचं पाऊल चार ताल अंतरावर पडावं, मध्यमाचं दोन, अधमाचं एक. ताल म्हणजे इथे साधारण एका वितेचं माप. त्यातली उच्चनीचता बाजूला ठेवा, पण निरीक्षण बघा कसं पक्कं आहे. ज्याच्या हातात सत्ता तो जास्त जागा व्यापतो. कुठल्याही सरकारी कचेरीत जाऊन साहेबाची चाल आणि शिपायाची चाल बघून या. मग तालमीत प्रत्येक नटाला त्याच्या पात्राचं पाऊल ठरवायला लावा. लांबी किती, टाच आधी की चवडा आधी, वजन कुठे. दुसऱ्या अंकात सत्ता हातातून गेली की पाऊल लहान करा. प्रेक्षकाला कारण कळणार नाही, पण माणूस खचल्याचं कळेल.

‘फिजिकल थिएटर’च्या कार्यशाळांना तुमची पोरं पैसे भरून पुण्या-मुंबईला जातात. जाऊ देत, चांगलंच आहे. पण केशवरावच्या शेजारी खासबागचं मैदान आहे, तिथे कुस्त्या असतील तेव्हा पहिल्या सलामीची अर्धी-एक मिनिटं नीट बघायला न्या. गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यावर, नजर समोरच्याच्या हातावर नाही तर छातीच्या आसपास, आणि दोघंही गोल फिरतायत. अजून पकड नाही, डाव नाही, तरी हजारो माणसं श्वास रोखून बसतात. दोन पात्रांच्या भांडणाचा प्रवेश बसवताना मला दुसरा धडा लागत नाही. आपल्या पेठांमध्ये मर्दानी खेळाचे आखाडे आहेत. लाठी फिरवणारी मुलगी पवित्रा बदलताना पाय कसा सरकवते ते बघा. डोकं एका पातळीत राहतं, वर-खाली होत नाही. अशा एखाद्या वस्तादांना चार संध्याकाळी तालमीला बोलवा. मात्र त्यांच्याकडून शिकून लगेच नाटकात लाठीकाठीचं प्रात्यक्षिक घुसवू नका. राणीला दरबारात नुसतं सिंहासनावरून उठायचं असेल, तर ते उठणं त्या पवित्र्यातून येऊ दे.

मारामारीबद्दल मात्र मी सौम्य लिहिणार नाही. आपल्याकडे ‘खरी मारली’ याचं अजून कौतुक होतं. एका प्रयोगात मुलीच्या कानशिलात खरी बसली, तिच्या कानात दडा बसला, पुढचे दोन प्रवेश तिला सहकलाकारांचं धड ऐकू येत नव्हतं, आणि विंगेत मारणाऱ्याची पाठ थोपटली जात होती. संस्था कुठली ते लिहीत नाही. वाचून ज्यांना आठवेल त्यांना आठवू दे.

थोबाडीत अशी बसवतात. दोघांमध्ये हात पूर्ण लांब केला तरी बोटं पोचणार नाहीत एवढं अंतर. दोघांपैकी एकाची पाठ प्रेक्षकाकडे, म्हणजे मधली मोकळी जागा दिसत नाही. आधी नजरेला नजर, मार खाणाऱ्यानं ‘तयार’ म्हटल्याशिवाय हात उठत नाही. हात तोंडाच्या समोरून जातो, आणि त्याच क्षणी मार खाणारा स्वतःच पोटाजवळ, पाठीच्या आडोशानं टाळी वाजवतो. मग मान वळते आणि हात गालावर. आवाज खणखणीत येतो आणि गालाला वारासुद्धा लागत नाही.

केस धरून ओढायचं असेल तर ओढणाऱ्यानं केस धरायचेच नाहीत. मूठ मिटून डोक्यावर ठेवायची. जिला ओढायचं तिनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून ती मूठ आपल्या डोक्यावर दाबून ठेवायची, आणि चालायचं तिनंच. तो फक्त तिच्या मागून फरपटत गेल्यासारखा जातो, दिसतं मात्र उलटं. गळा दाबताना हात गळ्यावर नाहीत, खाली गळपट्टीच्या हाडावर. पडताना गुडघ्यावर, मनगटावर किंवा माकडहाडावर आदळायचं नाही. आधी खाली बसत जायचं, मग पोटरी, मांडी, कुल्ला, खांदा, अशी अंगाची मऊ बाजू क्रमानं जमिनीला लावायची. सगळ्या मारामारीचा नियम एकच: चालवतो तो मार खाणारा, मारणारा नुसता सोबत करतो. आणि प्रत्येक प्रयोगाआधी, मेकअपला बसण्यापूर्वी, मारामारी एकदा संथ लयीत करून घ्यायची. पाचवा प्रयोग असला तरीही.

हेच जवळिकीच्या प्रवेशांना. कुठे हात लागणार, किती वेळ, कुठे थांबणार हे दोघांना विचारून ठरवा आणि ठरलं त्याच्या बाहेर एक बोटही नको. ‘त्या क्षणी सुचलं’ हे कारण ऐकून घेऊ नका. मुलींना घरी परवानगी काढून तालमीला यावं लागतं, आणि अशा एका ‘सुचलं’मुळे ती मुलगी नाटक कायमचं सोडते.

प्रॉम्प्टिंगच्या वहीबद्दल थोडकंच. संहितेच्या प्रत्येक पानासमोर एक कोरं पान घाला आणि त्यावर पेन्सिलनं मंचाचा चौकोन काढून बाण दाखवा. पेन्सिलनंच, कारण बदलणार आहे. ही वही लाइटवाल्याला पहिल्या आठवड्यातच दाखवा. स्पॉट आधी ठरून नट त्याच्यात जाऊन उभा राहतो हे मी फार बघितलं. आधी नट कुठे थांबतो ते ठरू दे.

परीक्षकांनाही, पत्र तुम्हाला असलं तरी, दोन ओळी. दिग्दर्शनाला, नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला स्वतंत्र बक्षीस आहे. मूव्हमेंटला नाही आणि आणखी एक चषक वाढवा असं माझं म्हणणंही नाही. पण प्रयोगानंतर चार शब्द बोलताना ‘गती कमी वाटली’ एवढंच सांगून थांबू नका. कुठल्या प्रवेशात, कुणाच्या हालचालीमुळे, कुठे डोळा भरकटला ते सांगा. पोरं वहीत उतरवून घेतात. ‘गती कमी’ वहीत उतरवून त्यांनी पुढच्या वेळी काय करायचं? ती सगळं भराभर बोलायला लागतात.

राहता राहिला जागेचा प्रश्न. या शहरात नाट्यगृहाच्या मंचाच्या खऱ्या मापाची, हौशी संस्थांना परवडेल अशा भाड्याची, संध्याकाळी मिळेल अशी तालमीची एक जागा हवी. सेट नको, एसी नको. पायाला न टोचणारी जमीन, आखलेला मंच आणि रात्री दहापर्यंत लाइट. प्रत्येक संस्थेनं आपापल्या ओळखीनं शाळेचा वर्ग मिळवत राहायचं आणि शिपायानं कुलूप लावलं की अंक अर्धवट टाकून घरी जायचं, हे किती वर्षं चालवायचं? ही मागणी तुमच्याकडे नाही, महापालिकेकडे आहे, आणि त्यांना मी वेगळं पत्र लिहिलंय. एकटीच्या सहीनं ते फायलीत जाईल. येत्या रविवारी संध्याकाळी शाहू स्मारकच्या आवारात भेटूया. सही करायला याल तेव्हा संस्थेचा शिक्का बरोबर आणा, आणि ज्याच्याकडे असतो त्याला आधीच फोन करून ठेवा.

आपली,
मूव्हमेंट बसवणारी एक बाई,
कोल्हापूर